वडिलांची १९८४ ची येझदी: विकावी, ठेवावी की नवी करून घ्यावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांनी फौजेत असताना १९८४ साली घेतलेली येझदी रोडकिंग मोटारसायकल. २००९ पासून ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी आहे. वडील जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही पुण्याला नोकरीत, आई आणि थोरला भाऊ गावी. कोल्हापूरकडचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी 'आहे तशी' पस्तीस हजारांना मागतोय. मामेभाऊ म्हणतो, दोन लाखांच्या खाली देऊ नका, मोबाईलवर तसे भाव दिसतात. एका मेस्त्रीनं 'नवी करून देतो' म्हणून नव्वद हजारांचा अंदाज दिलाय. भाऊ म्हणतो, जागा अडलीय, देऊन टाकू. आणि तुम्ही विचारताय, हिची खरी किंमत किती?

मी बेळगावात शहापूरला गॅरेज चालवतो. १९९० साली खडेबाजारात एका मेस्त्रींच्या हाताखाली पाने द्यायला उभा राहिलो, तेव्हापासून हेच काम. त्या वेळी गॅरेजात जावा, येझदी, राजदूत याच गाड्या जास्त असायच्या. म्हणून तुमची गाडी न बघताही तिच्याबद्दल बरंच सांगता येईल. नेमका आकडा मात्र गाडी आणि कागद समोर असल्याशिवाय कुणीच सांगू नये, आणि जो फोटोवरून सांगतो त्याच्यापासून जरा जपून राहा.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. बाजार किती देईल हा एक, आणि घरानं काय करावं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपसूक मिळेल असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. भाव कळल्यावर घरातली भांडणं वाढलेली मी जास्त पाहिलीत.

आधी बाजाराचं बघू. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक पहिल्यांदा काय बघतं? तुम्हाला वाटेल, सुरू होते का. ते सगळ्यात शेवटी. इंजिन सुरू करून देणं हे आमचं काम आहे, त्याचा खर्च अंदाजात धरता येतो. पहिल्यांदा बघतात कागद. मग इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसी पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का. मग गाडीवरचा माल अस्सल आहे का आणि सगळा आहे का. या तीन गोष्टी पक्क्या असतील तर बंद गाडीलाही मान आहे. या कच्च्या असतील तर चकाचक, एका किकमध्ये सुरू होणारी गाडीही निम्म्या भावात जाते.

अस्सल मालाला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. तुमची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथं १९६१ पासून जावा तयार व्हायला लागली, १९७३ ला येझदी हे नाव आलं, १९७८ पासून रोडकिंग, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातून सुटे भाग यायचे थांबले त्यालाही आता तीस वर्षं होत आली. २०१८ ला जावा आणि २०२२ ला येझदी या नावांनी नव्या गाड्या आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाचा माल तुमच्या टू-स्ट्रोकला बसत नाही. त्यामुळं जुन्या गाडीवर शिल्लक असलेले कंपनीचे सायलेन्सर, कार्बुरेटर, मीटर, हेडलाइट, साइड कव्हर यांना वेगळी मागणी आहे. बाजारात नकली सायलेन्सरची जोडी मिळते, पण पत्रा पातळ असतो आणि येझदीचा तो भरलेला आवाज त्यातून येत नाही. कान असलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगतो.

आता व्यापाऱ्याचे पस्तीस हजार. गाडीचं वजन साधारण १४० किलो. भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला तर चार हजार दोनशे होतात. त्याच्यापुढं पस्तीस हजार म्हणजे घरच्यांना लॉटरी वाटते. पण व्यापाऱ्यापुढं दोन वाटा असतात. गाडी पूर्ण आणि कागद नीट असतील तर दुरुस्त करून विकायची, नाहीतर सुटी करून भागाभागानं विकायची. सुट्या भागांची बेरीज बऱ्याचदा उभ्या गाडीपेक्षा जास्त भरते. त्यानं तुमची गाडी पाहून पस्तीस हजार म्हटलं असेल, तर गाडी पूर्ण आहे आणि फारशी कुणी छेडलेली नाही, एवढं तरी त्यातून कळतं. तो फसवतोय असं मी म्हणणार नाही. त्याला टेम्पो आहे, जागा आहे, पैसा अडकतो. पण हा त्याचा पहिला आकडा आहे, शेवटचा नव्हे.

मामेभावाचे दोन लाख म्हणजे मागितलेला भाव. मागणारा काहीही मागतो. तीच जाहिरात चार-सहा महिने तशीच दिसत असेल तर समजा की त्या भावाला गिऱ्हाईक नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या गॅरेजात किंवा ओळखीत झालेले रोडकिंगचे व्यवहार सांगतो: कागद जिवंत, नंबर जुळणारे, गाडी चालू पण रंग जुनाच, अशा साठ ते ऐंशी हजारांच्या दरम्यान गेल्या. फार मन लावून काम केलेली एक लाखाच्या पुढं गेली, एक दीड लाखाला. कागद नसलेल्या, बंद गाड्या वीस-पंचवीस हजारांत. हे आमच्या भागातले आकडे आहेत. पुण्या-बंगळूरचा हौशी माणूस थोडे जास्तही देईल, पण तो कागदाचं पान न पान तपासेल.

गाडीगाडीचा बाजारही वेगळा. यामाहा आरएक्स १००, अवघी ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवरची; १९८५ ते १९९६ एवढीच निघाली. तिच्यासाठी आज पोरं वेडी आहेत आणि भाव त्यांनीच चढवलेत. राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, १९८३ ला आली तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोक तिच्यापासून लांब राहायचे. आज तिचा व्यवहार लाखांतच होतो. बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट टिकून आहे. आणि राजदूत १७५, जिनं या भागातल्या किती घरांची दूध, भाजी, खताची पोती ओढली, तिला पैशात अजून म्हणावा तसा मान नाही. येझदी मधे आहे. गिऱ्हाईक मोजकं, पण जे आहे ते निष्ठावान. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव एकत्र जमतात, तिथं एकदा जाऊन या. तिथं चार मालकांशी बोललात तर मोबाईलवर महिनाभर शोधून कळणार नाही एवढं कळेल.

आता मेस्त्रीचे नव्वद हजार. पस्तीस हजारांची गाडी, त्यात नव्वद घातले, सव्वा लाख झाले. विकायला गेलात तर लाखाच्या आसपास येतील, तेही गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायची तयारी असेल तर. म्हणजे विकण्यासाठी नवी करून घेणं हा तोट्याचा धंदा आहे. मी स्वतः ते काम करतो, त्याचे पैसे घेतो, तरी सांगतो. 'गुंतवणूक म्हणून करून घेतो' असं कुणी म्हणालं की मी त्याला आधी चहा पाजतो आणि हा हिशोब कागदावर मांडून दाखवतो. स्वतः चालवायला किंवा घरात ठेवायला करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथं तोट्याचा प्रश्नच येत नाही, आपण घराचं देवघर बांधताना भाव विचारत नाही.

तरीही तुम्हाला तो नव्वद हजारांचा अंदाज घेऊ नका म्हणेन, आणि त्याचं कारण पैशाचं नाही. ते पुढं सांगतो. आधी कागद, कारण विकायची असो वा ठेवायची, तिथूनच सुरुवात आहे.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत. म्हणजे आज ती विकायचा हक्क कागदोपत्री कुणालाच नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची. त्याला मूळ आरसी पुस्तक, मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यानंतर विक्री करायची झाली तर फॉर्म २९ आणि ३०. गाडी कोल्हापूरला जाणार म्हणजे राज्य बदलणार, तेव्हा आपल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, तीही हवी. व्यापारी म्हणेल, 'एवढं कशाला, फॉर्मवर वडिलांची सही तुम्हीच करा, चालतं सगळं.' तो गुन्हा आहे. तसं करू नका. कोऱ्या फॉर्मवर तुमची सहीसुद्धा देऊ नका. आपल्याकडं एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात वर्षानुवर्षं फिरते, चंदगडची बेळगावात, बेळगावची गडहिंग्लजात, आणि कुणी विचारत नाही तोवर ठीक असतं. एखाद्या दिवशी अपघात होतो आणि पोलीस पुस्तकावरच्या नावाच्या दारात येतात. ते नाव तुमच्या वडिलांचं आहे.

आणखी एक धोका. काही जण गाडीपेक्षा कागदासाठी येतात. एका गाडीचं पुस्तक, दुसरीचं चेसिस, नंबर घासून नवे ठोकलेले, असे प्रकार मी पाहिलेत. 'गाडी राहू दे, नुसतं पुस्तक द्या, दहा हजार देतो' असं कुणी म्हणालं तर दार लावून घ्या.

नोंदणीची मुदत हा पुढचा भाग. पहिली पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून मुदत वाढवायची. १९८४ ची गाडी म्हणजे १९९९, २००४, २००९. तुमच्या वडिलांनी २००४ ला ती वाढवून घेतली असणार आणि २००९ ला राहून गेलं असणार. एकदा मुदत गेली की माणूस म्हणतो पुढच्या महिन्यात नेऊ, आणि गाडी पडवीत जाते. गाडी बिघडली म्हणून उभी राहिली असं घरचे सांगतात, पण बऱ्याचदा ती पासिंगसाठी, म्हणजे या मुदतवाढीसाठी, उभी राहिलेली असते. हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण मग इंजिनात मोठं काही मोडलेलं नसण्याची शक्यता वाढते.

मुदत वाढवायची फी २०२२ च्या एप्रिलपासून ३०० ची १००० झाली आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला २०२५ मध्ये २००० केली. उशिराला महिन्याला ३०० रुपयांप्रमाणे जादा आकार लावायचाही नियम आहे, म्हणून ठेवायचं ठरलं की दिवस घालवू नका. त्याशिवाय हरित कर, विमा आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. जुनी, पेंटरनं हातानं रंगवलेली प्लेट काढाल तेव्हा ती फेकू नका, घरात आणून ठेवा. तुमचा नंबर तीन अक्षरांचा जुना असणार. केए २२ ही पद्धत १९८९ च्या जुलैपासूनची. तो जुना नंबर गिऱ्हाइकाच्या लेखीही दागिना आहे. एवढ्या जुन्या पुस्तकाची नोंद संगणकावर चढलेली नसते, ती आधी चढवून घ्यावी लागते. इथले अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असतात, तेव्हा आईची सही घेण्याआधी ओळ न ओळ वाचून सांगा. घाईत सही घेतली आणि पुढं बोलणं लागलं, असं व्हायला नको.

'पंधरा वर्षं झाली, आता सरकार गाडी उचलून नेणार' असं भावाला कुणीतरी सांगितलं असेल. तो नियम दिल्ली परिसराचा. आपल्याकडं तपासणीत पास झाली तर मुदत वाढते. आणि २०३४ ला गाडीला पन्नास वर्षं होतील, तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येईल. त्यात दहा वर्षांची मुदत मिळते, पण रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीलाच. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, ही अट ध्यानात ठेवा.

इथून तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि मला त्यावरच जास्त बोलायचं आहे.

बेळगुंदीकडचे एक गवळी होते. पंचवीसेक वर्षं येझदीला दोन्ही बाजूंना कॅन लावून पहाटे बेळगावात दूध घालायचे. ते गेल्यावर मुलानं गाडी माझ्याकडं आणली आणि म्हणाला, खर्चाचं बघू नका, शोरूममधून आल्यासारखी करा. मी केली. कॅनचं स्टँड काढलं, त्याची भोकं बुजवली, टाकीवर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, रंग मारला, रिमा क्रोम करून आणल्या. तीन महिने खपलो. गाडी न्यायला मुलगा आला, आधी खूश झाला. मग डाव्या बाजूला टाकीच्या कडेवरून हात फिरवत राहिला. म्हटलं, काही राहिलं का? म्हणाला, 'इथं खड्डा होता. कॅन घासून पडलेला. लहानपणी पुढं बसायचो तेव्हा माझं बोट त्यात बसायचं.' तो खड्डा मीच भरला होता. त्यानं काही तक्रार केली नाही, पैसे पूर्ण दिले. पण त्या दिवसापासून मी कुठल्याही टाकीला लांबी लावायच्या आधी घरच्यांना विचारतो, यातली कुठली खूण ठेवायची.

म्हणून तुमच्या नव्वद हजारांच्या अंदाजाला माझा विरोध आहे. गाडीत वडील जिथं आहेत, नेमकी तीच जागा रंगकाम पुसून टाकतं. फूटरेस्टच्या रबरावरची झीज, हँडलच्या डाव्या मुठीचा बदललेला आकार, टाकीवर गुडघ्यानं उतरलेला रंग. बाजारालाही तेच हवं असतं हे लोकांना माहीत नसतं. जाणकार गिऱ्हाईक कारखान्याचा मूळ रंग, मग तो अर्धा उडालेला का असेना, नव्या रंगापेक्षा वरचा धरतं. रंग पुन्हा कधीही मारता येतो, मूळ रंग पुन्हा आणता येत नाही. पैशाचा आणि मायेचा हिशोब सहसा जुळत नाही, पण रंगाच्या बाबतीत दोन्ही एकच सांगतात.

एरवी जुळत नाही, याचं एक उदाहरण. उचगावकडचे एक निवृत्त गुरुजी हिरो होंडा सीडी १०० घेऊन आले. बाजारात तिचे दहा हजारही मुश्किलीनं आले असते. मी खर्च चौदा हजार सांगितला आणि म्हटलं, गुरुजी, परवडणार नाही. ते म्हणाले, मागचं साडीगार्ड आणि बायकांसाठीचं फूटरेस्ट तेवढं काढू नका, बाकी काय लागेल ते घाला. बाई गेल्या होत्या. मी पुढं काही बोललो नाही. आणि हलग्याकडचे एक शेतकरी आहेत, त्यांची राजदूत गेली कित्येक वर्षं सुरूच झालेली नाही. दर खंडेनवमीच्या आधी मला घरी बोलावतात. चाकांत हवा भरायची, चेनला तेल सोडायचं, पुसून द्यायची. मग तिला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, ट्रॅक्टरच्या आधी तिची पूजा. एकदा माझ्यादेखत एकानं वीस हजार देतो म्हटलं. त्यांनी मान वर न करता एवढंच सांगितलं, 'कोडंगिल्ल री.' देणार नाही. पुन्हा विचारायची त्या माणसाची हिंमत झाली नाही.

पण माया म्हणजे गाडी ठेवणंच, असंही नाही. २००४ साली मी माझ्या वडिलांची जावा बारा हजारांना विकली. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. वडील असते तर त्यांनीही तेच केलं असतं, त्याबद्दल मनात काही नाही. एक मात्र चुकलं. आईला न विचारता विकली. संध्याकाळी ती परसातून आली आणि मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली, 'मला एकदा सांगायचं होतंस.' त्या गाडीवर मागं बसून ती सौंदत्तीला यल्लम्माला गेली होती, माहेरी गेली होती, मला पोटात घेऊन दवाखान्यात गेली होती. गाडी चालवणाऱ्याची असते असं आपण धरून चालतो. मागं बसणाऱ्याचाही तिच्यावर तेवढाच जीव असतो. तेव्हा तुमच्या घरात पहिला शब्द आईचा. तो घेतलाय का, हे तुमच्या प्रश्नात कुठं दिसलं नाही.

भावाशीही बोला, पण 'तुला वडिलांची किंमत नाही' असं म्हणून सुरुवात करू नका. एका घरी दोघा भावांचं असंच बिनसलं होतं. थोरला म्हणायचा, भंगारात घाला. मी विचारलं, का हो एवढा राग? म्हणाला, 'धाकट्याला ती टाकीवर बसवून जत्रेला न्यायची. मला पावसाळ्यात ढकलायला लागायची, शाळेला उशीर, मास्तरांचा मार.' एकाच गाडीच्या दोघांच्या दोन आठवणी, आणि दोन्ही खऱ्या. पंधरा वर्षं तुमच्या भावानं ती पडवीत सांभाळलीय, तिच्यावर गोणपाट टाकलंय, वैरण ठेवायची जागा अडवून घेतलीय. तुम्ही पुण्यात आहात. त्याच्या बाजूनंही जरा बघा.

भावाचं म्हणणं पैशावर अडत असेल तर सरळ वाट आहे. व्यापाऱ्याचा आकडा आहेच, पस्तीस हजार. त्यातले निम्मे साडेसतरा हजार भावाला द्या किंवा आईच्या नावावर ठेवा, गाडी तुमच्या नावावर करून घ्या आणि जागा मोकळी करा. पुढं ठेवणं फार अवघड वाटलं तर विकायचा रस्ता बंद होत नाही. कागद जिवंत केलेली गाडी आजच्यापेक्षा कमी भावाला जाणार नाही, असं मला वाटतं.

ठेवायची झालीच तर काय करून घ्यायचं, तेही सांगतो. नवी करायची नाही, चालती करायची. पंधरा वर्षं उभ्या गाडीला माझ्याकडं साधारण अठरा ते पंचवीस हजार खर्च येतो. टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबली, वायरिंग, बॅटरी, चेन, टाकी आतून साफ, कार्बुरेटर, आणि क्रँकची ऑइल सीलं. सीलं टाळून पैसे वाचवायला जाऊ नका. ती वाळून कडक झाली की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण कोरडं पडतं, तापतं, आणि पहिल्याच लांबच्या फेरीत पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो. क्रँकचं बेअरिंग किंवा कनरॉड गेलेला निघाला तर आणखी आठ-दहा हजार धरा. गाडी उघडल्याशिवाय ते कळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एक मात्र आपलं नशीब: उद्यमबागेत लेथवर बसणारी कसबी माणसं आहेत. बुश, शाफ्ट, जे बाजारात मिळत नाही ते तिथं मापानं करून मिळतं. पुण्याला गाडी नेऊन करायचा विचार असेल तर आधी इथं दाखवा.

तोवर एक काम करू नका: किक मारू नका. गावाकडं आलं की पोरं जमतात आणि एकेक जण किक मारून बघतो. बिडाच्या सिलिंडरला पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग मोडते, सिलिंडरला ओरखडा पडतो, आणि जे नुसत्या होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासून, भागलं असतं त्याला बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, लागतं. प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल आणि टू-टी ऑइल सोडा, प्लग हातानं परत लावा, आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. टाकीत जुनं पेट्रोल असेल ते काढून टाका. पुढं गाडी चालती झाल्यावरही महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करायची सवय लावा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनी रबरं, वॉशर फुगवतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीची मातीची घरटी असतीलच, ती काडीनं काढा, ठोकून आत ढकलू नका. गोठ्याशेजारी उभी आहे म्हणता, त्या वाफेनं क्रोम खाल्लेलं असेल. त्यावर घासपूड चालवू नका. रॉकेलचा बोळा हलक्या हातानं फिरवा, बस.

पाऊस उघडला की, दसऱ्याच्या आधी, गाडी छोट्या टेम्पोत उभी बांधून बेळगावला आणा. खानापूरहून तासाभराची वाट आहे. प्रेशरच्या पाण्यानं धुऊन आणू नका, आहे तशी धुळीसकट आणा, कारण कुठून तेल गळलंय ते धुळीवरच दिसतं. येताना भावालाही घेऊन या. आणि येण्याआधी वडिलांची काळी फौजी ट्रंक उघडून बघा. फौजी माणसं कागद टाकत नाहीत. त्यात खरेदीची पावती, जुन्या विम्याचे कागद, टॅक्सची पावती, दुसरी चावी आणि बहुतेक गाडीबरोबर आलेल्या पान्यांची पिशवी मिळेल. ती पिशवी माझ्याकडं द्यायची नाही, घरातच ठेवायची. मला फक्त खरेदीच्या पावतीवरचा इंजिन नंबर हवाय. तो गाडीवरच्या नंबराशी जुळला की मग आकड्याबद्दल बोलू.